शेवटची दोन टेबलं आणि हातात गुलामांची जोडी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं कशाबद्दल आहे ते कुणालाही कळेल. पोकरच्या टूर्नामेंटमध्ये 18 खेळाडू उरलेले, दोन टेबलं, तुमच्याकडे 24 बिग ब्लाइंड (बिग ब्लाइंड म्हणजे हात सुरू होण्याआधी एका खेळाडूला सक्तीने टाकावी लागणारी रक्कम; पुढचे आकडे त्याच मापात). हायजॅकवर (बटनच्या दोन जागा आधी) तुम्हाला गुलामांची जोडी आली, एक इस्पिकचा आणि एक चौकटचा. तुम्ही 2.2 चं रेझ केलं, म्हणजे बेट तेवढी वाढवली. बटनवरच्याने (डीलरच्या जागेवर बसलेल्याने) कॉल केला, म्हणजे तेवढेच टाकले, बिग ब्लाइंडवाल्यानेही केला. फ्लॉप (टेबलावर सगळ्यांसाठी उघडणारे पहिले तीन पत्ते; चौथा टर्न, पाचवा रिव्हर) 9-7-4, त्यात 9 आणि 7 बदामचे. बिग ब्लाइंडने चेक केलं (काही न टाकता पुढे जाऊ दिलं), तुम्ही पॉटच्या (मध्ये जमलेल्या रकमेच्या) एक तृतीयांश बेट लावली, आणि 40 बिग ब्लाइंड घेऊन बसलेला बटनवाला सरळ ऑल-इन गेला, म्हणजे सगळ्या चिप्स टाकल्या. तुम्ही कॉल केला. त्याने बदामचे एक्का-दश्शी दाखवले, रिव्हरला बदाम पडलं, तुम्ही बाहेर. पुढच्या टूर्नामेंटमध्ये साधारण तेवढाच स्टॅक (चिप्सचा साठा) आणि तीच जोडी आली, तेव्हा तुम्ही फ्लॉपच बघायला नको म्हणून थेट 24 बिग ब्लाइंड ऑल-इन केले. सगळे फोल्ड झाले, म्हणजे पत्ते टाकून बाजूला झाले. तुम्ही लिहिलंय, ‘निदान हात वाचला.’ आणि शेवटी विचारलंय की गुलामांची जोडी फ्लॉपआधी टाकून द्यायची वेळ कधी येते का.

माझं मत आधीच सांगतो. पहिल्या हातात तुमची चूक जवळजवळ नव्हती, होती ती फ्लॉपच्या बेटच्या आकारात, आणि तिच्यामुळे तुम्ही बाहेर गेला नाहीत. दुसऱ्या हातात मात्र चूक झाली. तिथे पॉट जिंकल्यामुळे ती तुम्हाला दिसली नाही. आणि ही चूक मी स्वतः वर्षानुवर्षं केली आहे, म्हणून जरा तपशिलात जातो.

सगळ्यात आधी ‘हात वाचवणे’ हा शब्दप्रयोग. अठ्ठ्यांपासून गुलामांपर्यंतच्या जोड्या, एक्का-राणी, एक्का-गुलाम, फ्लॉपवर लागलेली टॉप पेअर (बोर्डवरच्या सर्वात मोठ्या पत्त्याची जोडी), ओले बोर्ड (जिथे ड्रॉ, म्हणजे पुढच्या पत्त्याने पुरे होऊ शकणारे हात, भरपूर असतात) आणि त्यावरची ओव्हरपेअर (बोर्डवरच्या सगळ्या पत्त्यांपेक्षा मोठी जोडी): हे सगळे हात त्या क्षणी बहुतेक वेळा पुढे असतात आणि दोन-तीन पत्त्यांत मागे पडू शकतात. गुलामांच्या जोडीला फ्लॉपवर निदान एक मोठा पत्ता, म्हणजे राणी, राजा किंवा एक्का, दिसण्याची शक्यता 57 टक्के आहे. दश्श्यांच्या जोडीला जवळपास 70 टक्के, नव्व्यांना 79. राण्यांनासुद्धा 41 टक्के वेळा एक्का किंवा राजा बघावा लागतो. याउलट फ्लॉपवर तिसरा गुलाम लागून सेट व्हायची शक्यता फक्त 12 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अस्वस्थ करणारा फ्लॉप येणं हीच या हातांची रोजची स्थिती आहे. तो अपघात मानून त्यापासून पळायला लागलं की माणूस ‘फ्लॉपच नको’ या निष्कर्षावर येतो.

आता तुमचं ते ऑल-इन तपासू. 24 बिग ब्लाइंड टाकून तुम्ही जिंकले किती? स्मॉल ब्लाइंडचा अर्धा, बिग ब्लाइंडचा एक आणि सगळ्यांच्या अँटी (दर हाताला टाकायची छोटी रक्कम) मिळून साधारण एक, म्हणजे अडीच बिग ब्लाइंड. तुमच्या मागे चार जण होते. त्यांच्यापैकी एखाद्याकडे पंजांची जोडी, एक्का-आठ किंवा राजा-राणी असती, तर तुमच्या 2.2 च्या रेझला त्याने कॉल केला असता किंवा चिडून वर ऑल-इन टाकलं असतं. हे सगळे हात गुलामांच्या मागे आहेत आणि तुमच्या 24 च्या ऑल-इनला हेच हात पळून गेले. कॉल कोण करणार? समजा एखादा सावध खेळाडू दश्श्यांपासून वरच्या जोड्या आणि एक्का-राजा एवढ्यांनीच कॉल करतो. मोजून बघा: दश्श्यांच्या सहा जोड्या, गुलामांची उरलेली एक, राण्या-राजे-एक्के मिळून अठरा, आणि एक्का-राजाच्या सोळा. एकूण 41. या 41 विरुद्ध तुमचे गुलाम साधारण 43 टक्के जिंकतात. म्हणजे जिथे तुम्ही पुढे होता तिथे तुम्हाला अडीच मिळाले आणि जिथे मागे होता तिथे सगळा स्टॅक लागला असता. हात नाजूक आहे म्हणून जे केलं, त्याने त्याचा नाजूकपणा तसाच ठेवून फक्त कमाई कापली.

याचा अर्थ असा नाही की या जोड्यांनी फ्लॉपआधी ऑल-इन जाऊच नये. हाच हात, हाच स्टॅक, पण तुमच्या आधी कुणीतरी रेझ केलेलं असेल तर चित्र उलटं होतं. समजा कटऑफवरच्याने (बटनच्या लगेच आधीच्या जागेवरच्याने) 2.2 केलं, तो बऱ्यापैकी सैल, म्हणजे बरेच हात खेळणारा आहे, आणि बटनवर तुम्ही 20 बिग ब्लाइंड आणि दश्श्यांची जोडी घेऊन बसला आहात. पॉटमध्ये आता 2.2, दीड ब्लाइंडचे आणि एक अँटीचा, म्हणजे 4.7 आहेत. ऑल-इन केलं आणि तिघं फोल्ड झाले तर तुमचा स्टॅक 20 चा 24.7 झाला, सुमारे 23 टक्के वाढ, एकही पत्ता न बघता. आणि फोल्ड काय झालं ते बघा. राजा-राणी, राजा-गुलाम, एक्का-पाच. राजा-राणीला दश्श्यांविरुद्ध पाच पत्ते बघायला मिळाले तर तो 40 टक्क्यांहून जास्त वेळा जिंकतो. हा त्याचा हक्काचा हिस्सा होता आणि तो त्याने टाकून दिला. फ्लॉप बघितला असता तर तुम्हाला 70 टक्के वेळा मोठा पत्ता दिसला असता आणि तो खरंच त्याला लागलाय की नाही हे तुम्हाला कळलं नसतं. इथे हाताचा नाजूकपणा हेच ऑल-इनचं कारण आहे. पहिल्यांदा पैसे टाकणारा तुम्ही असाल तर समोरच्याच्या हिश्श्यात अजून काहीच पडलेलं नसतं. त्याने 2.2 गुंतवून सैल रेंज (त्याच्याकडे असू शकणाऱ्या हातांचा संच) उघडी केली की मग त्याच्याकडून सोडवून घेण्यासारखं काहीतरी तयार होतं. 18 ते 25 बिग ब्लाइंडमध्ये नव्व्या, दश्श्या, गुलाम, एक्का-राणी हे हात रेझवर परत ऑल-इन करण्यासाठी सर्वोत्तम, असं मी डोळे मिटून सांगेन. मात्र समोरचा पहिल्या जागेवरून रेझ करणारा घट्ट खेळाडू असेल तर तिथे डोळे उघडे ठेवा.

आणि स्टॅक 12 च्या खाली गेला की यातलं बरंचसं बोलणं संपतं. तिथे गुलाम, दश्श्या, नव्व्या आल्या की चिप्स मध्ये. विचार करायला जागाच उरलेली नसते आणि ते बरंही असतं.

खरी अडचण 20 ते 35 बिग ब्लाइंडच्या पट्ट्यात आहे. यात रेझ करून फोल्ड होण्याइतका स्टॅक असतो आणि फ्लॉपनंतर सुटका करून घेण्याइतका नसतो. या पट्ट्यात मी एक शिस्त पाळतो: रेझचं बटन दाबण्याआधी टेबलावरच्या प्रत्येकासाठी उत्तर ठरलेलं असावं. मागे बसलेल्या याने ऑल-इन केलं तर कॉल, त्याने केलं तर फोल्ड, चिप लीडरने (सर्वात जास्त चिप्स असलेल्याने) फक्त कॉल केला तर काय. तुमच्याच स्टॅकवर आकडे मांडतो. तुम्ही 24 पैकी 2.2 टाकले, कुणीतरी 24 किंवा जास्त घेऊन ऑल-इन केलं. तुम्हाला आणखी 21.8 टाकायचे आहेत, मध्ये आहेत 2.2, त्याचे 24 आणि ब्लाइंड-अँटीचे अडीच, म्हणजे 28.7. एकूण पॉट 50.5 होतो. कॉल चिप्सच्या हिशेबात परवडायला 43 टक्के लागतात. वर बघितलेच, अगदी घट्ट रेंजविरुद्धही गुलामांना 43 च्या आसपास मिळतात. म्हणजे सर्वात कडक खेळाडूविरुद्ध हा कॉल तराजूच्या काट्यावर आहे आणि जो एक्का-राणी, नव्व्या, अठ्ठ्या घेऊनही ऑल-इन करतो त्याच्याविरुद्ध सरळ फायद्याचा. अठ्ठ्यांची जोडी असेल तर हे गणित बदलतं, म्हणून अठ्ठ्यांनी रेझ करतानाच मागच्यांची यादी डोक्यात हवी. रेझ केल्यावर, समोर घड्याळ पळत असताना, हा विचार सुरू करणाऱ्याच्या हातून चुकीचं बटन दाबलं जातं. माझ्याही हातून दाबलं गेलं आहे.

आता तुमच्या फ्लॉपकडे येतो, कारण या प्रश्नात सगळ्यात जास्त शिकण्यासारखं तिथे आहे.

तिघांचे 2.2, स्मॉल ब्लाइंडचा अर्धा आणि अँटीचा एक, असा पॉट होता 8.1. तुमच्याकडे उरले होते 21.8. म्हणजे पॉटच्या पावणेतीन पट पण नाहीत. एवढ्या उथळ स्टॅकवर 9-7-4 सारख्या फ्लॉपवर, दोघांसमोर, गुलामांची ओव्हरपेअर हा शेवटपर्यंत जायचा हात आहे. हे ठरलं की बेटचा आकार त्यातून निघतो. तुम्ही 2.7 लावले. मागच्या माणसाला 2.7 टाकून 13.5 चा पॉट खेळायचा होता, म्हणजे त्याला 20 टक्के लागत होते. फ्लश ड्रॉला (एका रंगाचे चार पत्ते, पाचवा हवा) पुढच्या एका पत्त्यावर 19 टक्के मिळतात. तुम्ही त्याला जवळजवळ बरोब्बर दर देऊन टाकला, वर लागलं तर तुमचा उरलेला स्टॅक बक्षीस. आता त्याऐवजी 4.5 लावून बघा. त्याला 17.1 च्या पॉटसाठी 4.5 टाकायचे, म्हणजे 26 टक्के लागतात. साधा फ्लश ड्रॉ, उघड्या टोकांचा स्ट्रेट ड्रॉ (सलग चार पत्ते, कुठल्याही टोकाला पाचवा हवा), नव्वीची जोडी, सगळ्यांना हा दर महाग आहे. आणि एकाने कॉल केलाच, तर टर्नवर पॉट 17.1 आणि तुमच्याकडे 17.3. टर्नचं ऑल-इन बरोबर एका पॉटएवढं, अगदी नैसर्गिक. 2.7 च्या वाटेने गेलात तर टर्नवर 13.5 च्या पॉटमध्ये 19.1 उरतात आणि बदाम किंवा अठ्ठी पडली की तुम्ही अर्ध्या रस्त्यात उभे राहता.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर तुमच्या हातात यामुळे काही बदललं नसतं. बदामचे एक्का-दश्शी असलेला माणूस 4.5 च्या बेटवरही ऑल-इनच जातो. त्याच्याकडे नऊ बदामं आणि तीन एक्के, बारा पत्ते आणि दोन संधी. त्या क्षणी तुम्ही निम्म्याच्या थोडेसेच वर होता. तुमच्या कॉलला लागत होते 37 टक्के: 19.1 टाकून एकूण 51.7 चा पॉट. त्याच्या रेंजमध्ये सेट होतेच, पण त्यासोबत फ्लश ड्रॉ, दश्शी-नव्वी, दश्श्यांची जोडी, अठ्ठ्यांची जोडी, आठ-सहा असे कितीतरी हात होते. कॉल बरोबर होता. रिव्हरच्या बदामाने तो चुकीचा ठरत नाही. तो हात पुन्हा आला तर मी पुन्हा कॉल करेन आणि तुम्हीही करा.

एकासमोर खेळताना आणि दोघांसमोर खेळताना या हातांची किंमत किती झपाट्याने घसरते हे फार लोक मनावर घेत नाहीत. कुठल्याही एका हाताविरुद्ध एक्क्यांची जोडी 85 टक्के जिंकते, पाच जणांविरुद्ध 49. गुलामांची जोडी एकाविरुद्ध 77, दोघांविरुद्ध 61, तिघांविरुद्ध निम्म्याच्या आसपास. म्हणून बिग ब्लाइंड आणि बटन दोघंही कॉल करणारे असतील अशा टेबलावर मी या हातांचं रेझ 2 ऐवजी 2.3 किंवा 2.5 करतो. इतर हातांचंही तितकंच करतो, नाहीतर दोन-तीन फेऱ्यांत समोरच्यांना माझा आकार वाचता येतो.

माझा एक हात सांगतो. हरल्याचा आहे, पण मी तो अजून जपून ठेवला आहे.

13 जण उरले होते. मी कटऑफवर, 27 बिग ब्लाइंड, हातात दश्श्यांची जोडी, बदाम आणि किलवर. बिग ब्लाइंडवर टेबलाचा चिप लीडर, साठच्या वर स्टॅक, आणि गेला अर्धा तास तो सगळ्यांना दाबत होता. मी 2.1 केलं, त्याने कॉल केला. पॉट 5.7. फ्लॉप 8-5-2, आठ आणि पाच इस्पिकचे. त्याने चेक केलं. इथे मी जे गणित करतो ते असं: त्याच्याकडे राजा-राणीसारखे दोन मोठे पत्ते असतील तर त्याला सहा पत्ते मदत करतात आणि दोन संधींत मिळून साधारण 25 टक्के वेळा एक तरी येतो. 5.7 च्या पॉटमधला दीडच्या आसपास हिस्सा त्याचा आहे. मी बेट लावली आणि तो पळाला तर तो हिस्सा माझा झाला. मी चेक केलं तर तो फुकटात वापरायला दिला. वर अठ्ठी असलेले, ड्रॉ असलेले सगळे कॉल करणार आहेत. मी 3 लावले. त्याने कॉल केला. पॉट 11.7, माझ्याकडे 21.9.

टर्नला किलवरची दुर्री. हा पत्ता कुणालाच फारसा लागत नाही. त्याने चेक केलं. आता रिव्हरला मला नकोसे पत्ते किती ते मी मोजले: गुलामापासून एक्क्यापर्यंतचे सोळा, आणि त्याबाहेरची इस्पिकं. इस्पिकची दश्शी किंवा दुर्री आली तर माझं फुलहाऊस, म्हणून ती वगळायची. न दिसलेल्या 46 पत्त्यांपैकी 21 वाईट. जवळजवळ निम्मे. अशा वेळी टर्नवर चेक करून ‘बघू रिव्हरला’ म्हणणं म्हणजे सगळ्यात चांगल्या स्थितीत असताना गप्प बसणं. मी 6 लावले, आणि लावतानाच ठरवलं की रिव्हरला इस्पिक पडलं आणि त्याने पुढाकार घेतला तर सोडायचं. त्याने कॉल केला. पॉट 23.7, माझ्याकडे 15.9.

रिव्हर, इस्पिकचा राजा. नको होता तोच. त्याने एक सेकंदही न थांबता मला ऑल-इनमध्ये टाकलं. 15.9 टाकून 55.5 चा पॉट, म्हणजे 29 टक्के लागत होते. मी टाइम बँक (विचारासाठी मिळणारा जादा वेळ) जवळजवळ संपवली. माझ्या दोन दश्श्यांत इस्पिक नव्हतं, म्हणजे त्याच्या फ्लशच्या जोड्यांपैकी एकही मी अडवत नव्हतो. त्याच्याकडे बिघडलेले सात-सहा असू शकत होते. पण टर्नपर्यंत दोनदा कॉल केलेले त्याचे बहुतेक ड्रॉ इस्पिकचेच होते आणि ते आता पूर्ण झाले होते. मी फोल्ड केलं. त्याने पत्ते दाखवले नाहीत, आजही मला माहीत नाही. पण माझ्याकडे 16 बिग ब्लाइंड उरले होते आणि दुसऱ्या टेबलावर तीन जण माझ्यापेक्षा लहान होते. नंतर मी तो हात तासभर उलगडून पाहिला आणि फोल्डबद्दल मला खंत राहिली नाही. खंत राहिली असती ती टर्नवर चेक केल्याची.

हा हात सांगायचं कारण असं की वरवर तो तुमच्या हाताच्या विरुद्ध आहे: तिथे मी म्हणतो कॉल करा, इथे मी फोल्ड केलं. पण दोन्हीकडे निर्णय आधीच्या बेटच्या वेळी झालेला होता. तुमच्या 9-7-4 वर स्टॅक पॉटच्या पावणेतीन पट होता आणि ड्रॉ अजून ड्रॉच होते. माझ्या रिव्हरला ते पूर्ण झालेले होते.

राजा किंवा एक्का पडलेल्या फ्लॉपबद्दल थोडं. गुलाम घेऊन रेझ केलं, फक्त बिग ब्लाइंडने कॉल केला, फ्लॉप राजा-7-2 वेगवेगळ्या रंगांचा. इथे घाबरून चेक-फोल्ड करणारे खूप दिसतात. बिग ब्लाइंडच्या सैल रेंजमध्ये राजा असलेले हात थोडेच असतात. पॉटच्या पाव ते तृतीयांश बेट लावा, सात्ती-दुर्री असलेल्यांकडून एक कॉल मिळवा, मोठे दोन पत्ते असलेल्यांना घालवा आणि टर्नला शांत बसा. कोरड्या बोर्डवर लहान बेट पुरते, कारण तिथे दर देण्यासारखे ड्रॉच नसतात. पण दोघांनी कॉल केला असेल आणि फ्लॉप एक्का-राणी-9 असेल तर गुलामांचं काम तिथेच संपलं, चिकटून राहू नका.

एक्का-राणी आणि एक्का-गुलामबद्दल एवढंच: जोड्यांपेक्षा हे हात वेगळ्या कारणाने नाजूक आहेत. एक्का-राणीसमोर एक्का-राजा आला की तुमच्याकडे साधारण चौथा हिस्सा उरतो. म्हणून कुणीतरी रेझ केलं आणि दुसऱ्याने त्यावर ऑल-इन केलं, तर शेवटच्या टप्प्यात एक्का-राणी मी बहुतेक वेळा सोडतो. त्याच हाताने सैल बटनच्या रेझवर मी स्वतः ऑल-इन करतो. हातात एक एक्का असल्याने समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याच्या शक्यता सहावरून तीनवर येतात, हाही त्यात फायदा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न: गुलामांची जोडी फ्लॉपआधी कधी टाकायची. हो, टाकायची, आणि कधीकधी समोरच्याचे पत्ते उघडे दिसत असतानाही टाकायची.

यासाठी आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल, म्हणजे चिप्सची बक्षिसांतली किंमत काढायची पद्धत) समजून घ्यावं लागतं. मेसन मालमुथ यांनी 1987 मध्ये पोकरसाठी मांडलेली ही पद्धत, तिचं मूळ सूत्र हार्विल यांनी 1973 मध्ये शर्यतीच्या घोड्यांसाठी दिलेलं. कल्पना अशी की तुमच्या चिप्सच्या प्रमाणात पहिलं येण्याची शक्यता धरायची, त्यातून दुसरं-तिसरं येण्याची काढायची, आणि बक्षिसांशी गुणून स्टॅकची खरी किंमत ठरवायची. सर्वांत सोपं उदाहरण घेऊ. चार जण उरलेत, बक्षिसं तिघांना, 50, 30 आणि 20 टक्के. चौघांचे स्टॅक समान. प्रत्येकाची किंमत 25 टक्के. आता एकाने ऑल-इन केलं आणि तुम्ही कॉल करून जिंकलात, ब्लाइंड क्षणभर बाजूला ठेवू. तुमच्याकडे निम्म्या चिप्स, बाकी दोघांकडे पाव-पाव. तुमची किंमत किती? पहिलं येण्याचे 50 टक्के, दुसरं येण्याचे 33, तिसरं येण्याचे 17. बेरीज 38.3. चिप्स दुप्पट झाल्या पण किंमत 25 वरून 50 नाही, 38.3 झाली. हरलात तर शून्य. म्हणजे कॉलसाठी 25 भागिले 38.3, 65 टक्के लागतात. एक्का-राजाविरुद्ध गुलाम 57 टक्के जिंकतात, दोन्ही एकाच रंगाचे असतील तर 54. समोरच्याने एक्का-राजा उलटे करून दाखवले तरी इथे फोल्ड बरोबर आहे. तो कुठलेही दोन पत्ते टाकतोय असं दिसत असेल तर गुलामांना 77 मिळतात आणि कॉल बरोबर आहे. मधल्या खेळाडूंसाठी तुम्हाला त्याची रेंज ओळखावी लागते आणि तीच या खेळातली मेहनत आहे.

यातून निघणारी गोष्ट 18 खेळाडूंच्या वेळीही लागू पडते, फक्त सौम्य रूपात. बक्षिसाच्या पायऱ्या तेव्हा लहान असतात, त्यामुळे तुमच्या फ्लॉप कॉलला 37 च्या जागी काही टक्के जास्त लागले असते एवढंच. फायनल टेबलजवळ, 10 किंवा 11 उरलेले असताना, हा भार वाढतो. सगळ्यात जास्त भार मधल्या स्टॅकवर येतो, तोही जेव्हा टेबलावर तीन-चार बिग ब्लाइंडवाले लटकलेले असतात आणि त्याला अंगावर घेणारा चिप लीडर असतो. म्हणून कॉल करायचा हात आणि ऑल-इन करायचा हात वेगळे. तुम्ही ऑल-इन केलं की भार समोरच्यावर पडतो, तुम्ही कॉल केला की तुमच्यावर. मधल्या स्टॅकने चिप लीडरच्या ऑल-इनला दश्श्या टाकाव्यात आणि त्याच दश्श्यांनी दुसऱ्या मधल्या स्टॅकच्या रेझवर ऑल-इन करावं, यात विसंगती काहीच नाही.

डोक्यावर बक्षीस असलेल्या टूर्नामेंटमध्ये, जिथे एखाद्याला बाहेर काढलं की त्याचं बक्षीस लगेच मिळतं, लागणारे टक्के खाली येतात. लहान स्टॅकला अंगावर घेताना तिथे गुलाम टाकायचा विचारही करू नका. सॅटेलाइटमध्ये (जिथे बक्षीस म्हणजे मोठ्या टूर्नामेंटमधली जागा) उलट टोक: सगळ्या जागा सारख्याच किमतीच्या असतात, आणि तुम्ही सुरक्षित असाल तर एक्क्यांची जोडीसुद्धा टाकावी लागते.

ऑनलाइन खेळताना हे सगळं 15-20 सेकंदांत करायचं असतं, म्हणून दोन सवयी लावून घ्या. टाइम बँक सुरुवातीच्या तासांत उधळू नका, या निर्णयांसाठी ठेवा. आणि फोल्ड केलेल्या हातांत पत्त्यांकडे बघत बसण्यापेक्षा लॉबी (टूर्नामेंटच्या माहितीची खिडकी) उघडून दुसऱ्या टेबलावरचे सगळ्यात लहान स्टॅक बघून घ्या, कारण तुमच्या गुलामांची किंमत त्यांच्यावरही अवलंबून आहे. गणना करणारी सॉफ्टवेअर खेळ संपल्यावर वापरा. हात चालू असताना ती उघडणं बहुतेक ठिकाणी नियमबाह्य आहे, आणि शिवाय तुमची नजर त्याने तयार होत नाही.

तुमच्या वर्णनात दोन गोष्टी मला हव्या होत्या त्या नाहीत: त्या क्षणी बाकीच्या सोळा जणांचे स्टॅक किती होते, आणि बटनवाल्याने त्याआधी हायजॅकच्या रेझला किती वेळा नुसता कॉल केला होता. पहिलं टूर्नामेंटच्या लॉबीत दिसतं, दुसरं हँड हिस्टरीत (खेळलेल्या हातांच्या नोंदीत) निघेल. अठ्ठ्यांपासून गुलामांपर्यंतच्या जोड्या आणि एक्का-राणी, एक्का-गुलाम, स्टॅक 15 ते 35, एवढीच चाळणी लावून गेल्या महिन्याचे हात काढा आणि ज्या हातांत तुम्ही न हरता फक्त अडीच बिग ब्लाइंड जिंकलात, त्यांच्यापासून बघायला सुरुवात करा.